कोल्हापुरातून साखरेची रेक भरताना: लहान वाहतूक कंपनीसाठी

स्वतःचं इंजिन, स्वतःचा गार्ड आणि स्वतःची गाडी घेऊन रूळावर उतरेल अशी लहान मालगाडी कंपनी भारतात निघत नाही. गाडी चालवते ती भारतीय रेल्वेच. 2006 पासून खासगी कंपन्यांना कंटेनर गाड्यांचा परवाना मिळतो, पण त्यासाठी स्वतःच्या वाघिणींच्या (मालडब्यांच्या) रेक, म्हणजे एकत्र जोडलेल्या वाघिणींच्या माळा, लागतात, आणि हा खेळ मोठ्या भांडवलाचा आहे. कोल्हापुरात दोन-चार जणांनी मिळून काढलेली कंपनी जे करू शकते ते म्हणजे जुन्या भाषेत हुंडेकऱ्याचं काम: कारखान्याकडून माल घ्यायचा, रेल्वेकडे रेक मागायची, धक्क्यावर (रेल्वेच्या माल चढवायच्या-उतरवायच्या जागी) माथाडींकडून ती भरून घ्यायची, आरआर (रेल्वे रिसीट, मालाची रेल्वेची पावती) काढायची आणि पलीकडे माल पोचता करायचा. कागदावर सोपं वाटतं. पैसा मात्र भाड्याच्या दरात सुटत नाही, तो धक्क्यावरच्या तासांत सुटतो किंवा बुडतो. म्हणून इथे दरापेक्षा तासांबद्दल जास्त लिहिलं आहे.

उदाहरण साखरेचं घेतलं आहे, कारण कोल्हापुरातून अख्खी रेक भरेल इतका माल एका जागी, एका मापाच्या पोत्यांत साखरेचाच असतो. गुळाचं नाव कोल्हापूरशी जोडलेलं असलं, त्याला भौगोलिक मानांकनही असलं, तरी गूळ बंद लोखंडी वाघिणीत घालायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. उन्हात वाघीण तापली की ढेपांना पाझर फुटतो, खालची थप्पी चिकटते आणि माल घेणारा निम्म्या दराची भाषा करतो. गुळाचं पार्सल व्हॅनने करायचं गणित वेगळं आहे, इथे ते नको.

आधी आकडेमोड

हल्ली बंद वाघिणींची जी रेक बहुतेक वेळा मिळते ती बीसीएनएचएल प्रकारची, 58 वाघिणींची. एक वाघीण सुमारे 10.96 मीटर, म्हणजे नुसत्या वाघिणीच 636 मीटर होतात. रिकाम्या वाघिणीचं वजन 20.8 टन आणि भरून 91.6 टनांपर्यंत, पण साखरेला प्रत्यक्ष किती भरायला परवानगी आहे ते मालानुसार आणि मार्गानुसार ठरतं. तो आकडा मालधक्क्यावरून लेखी घ्या. वाघिणीच्या अंगावर रंगवलेला आकडा बघून भरणं धोक्याचं आहे.

समजा परवानगी 64 टनांची आहे. नवशिका लगेच 64,000 भागिले 50 करून 1,280 पोती म्हणतो. इथेच पहिली चूक होते. पोत्यात साखर 50 किलो असते, बारदानाचं वजन वेगळं. तागाचं पोतं 600 ग्रॅमचं धरलं तर 1,280 पोत्यांचं नुसतं बारदानच 768 किलो भरतं आणि वाघीण पाऊण टनाने जास्त होते. वाटेत चालत्या गाडीचं वजन घेणारा काटा असतो. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 73 प्रमाणे जादा वजनावर दंडात्मक आकारणी होते, आणि ती नेहमीच्या भाड्याच्या पटीत असते. म्हणून 50.6 किलोने भागा: 1,264 पोती. एक जरी वाढवलं तरी वजन 64 टनांच्या वर जातं. प्लास्टिकच्या पोत्याचं वजन बरंच कमी असतं, त्यामुळे लॉट तागाचा आहे की प्लास्टिकचा हे कारखान्याच्या गोदामातच विचारा आणि दहा पोती तोलून सरासरी काढा.

1,264 या आकड्याचा आणखी एक उपयोग आहे. त्याला चारने भागलं की 316 येतं. प्रत्येक ट्रकमध्ये बरोबर 316 पोती, म्हणजे बारदानासकट सोळा टनांच्या किंचित आत. चार ट्रक म्हणजे एक वाघीण. दहाचाकीत याहून जास्त माल बसतो, त्यामुळे ट्रकवाला तक्रार करतो की गाडी कमी भरली. करू द्या. ट्रकच्या चार-आठ फेऱ्या वाढल्या तरी धक्क्यावर अर्धा ट्रक या वाघिणीत आणि अर्धा त्या वाघिणीत हा गोंधळ राहत नाही, आणि रात्री दोन वाजता मोजणीवरून होणारी भांडणं निम्म्याने कमी होतात.

आता माणसं. दहा जणांची टोळी, ट्रक दाराला लागलेला असेल तर, तासाला एक ट्रक म्हणजे 316 पोती आत लावते असं धरा. चार तासांत एक वाघीण, आठ तासांत दोन. अख्ख्या रेकला भरण्यासाठी मोफत वेळ साधारण नऊ तास हिशेबात धरतात. म्हणजे 58 वाघिणींना 29 टोळ्या, 290 माणसं, 232 ट्रक फेऱ्या आणि हाताशी फक्त एक तास. कोल्हापुरात एका रात्री हे जमवणं लहान कंपनीच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून सुरुवात मिनी रेकने करा. 20 वाघिणी, 25,280 पोती, 80 फेऱ्या. वाघिणी कमी असल्या तर मोफत वेळही कमी मिळू शकतो, म्हणून 10 टोळ्यांवर न थांबता 14 ठेवा. मिनी रेकला अंतराची मर्यादा आणि काही वेळा वाढीव भाडं असतं, परिपत्रकानुसार ते बदलतं. मागणी नोंदवण्याआधी चालू परिपत्रक बघा. दुसरा मार्ग म्हणजे दोन ठिकाणांहून मिळून एक रेक भरणं. त्यात दुसऱ्या धक्क्यावरचा भागीदार वेळेवर भरेल का, हा प्रश्न तुमच्या हातात राहत नाही. पहिल्या वर्षी तो मार्ग टाळलेला बरा.

नोंदणी, मागणी, पैसे

फर्मचं पॅन, जीएसटी नोंदणी, बँकेचं ई-पेमेंट खातं आणि रेल्वेच्या मालवाहतूक संगणक प्रणालीवर ग्राहक म्हणून नोंदणी, एवढं झालं की मागणी ऑनलाइन टाकता येते. कोल्हापूर मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतं, त्यामुळे वाणिज्य विभागाशी पत्रव्यवहार पुण्याशी आणि रोजचं काम मार्केट यार्डाजवळच्या रेल्वे गुड्सवरच्या सुपरवायझरशी. मागणीबरोबर नोंदणी शुल्क भरावं लागतं. रेक आल्यावर तुम्ही माघार घेतली तर ते जप्त होतं, म्हणून ‘बघू, आली तर भरू’ अशी मागणी टाकू नका.

रेक कधी मिळेल ते प्राधान्यक्रमावर ठरतं. लष्कराचा माल, सरकारी धान्य वगैरे पुढे, साखर मागे. शिवाय केंद्र सरकार जून 2018 पासून कारखान्यांना दर महिन्याचा विक्री कोटा ठरवून देतं. त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच माल काढायचा असतो आणि मागण्यांची रांग लागते. त्यातून गाळप हंगाम असेल तर बरेच ट्रकवाले उसाच्या वाहतुकीत अडकलेले. मागणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टाका आणि कारखान्याकडून डिलिव्हरी ऑर्डर हातात आल्याशिवाय टाकू नका. पैसे भरलेला व्यापारी वेगळा, ऑर्डर निघालेला माल वेगळा. दुसरा असेल तरच तुमच्याकडे माल आहे.

आरआर कुणाच्या नावाने निघणार हे आधी ठरवा. आरआर म्हणजे मालावरचा हक्क. ती कारखान्याच्या नावाने निघाली आणि भाडं तुम्ही भरलं, तर पैसे अडकल्यावर हातात काहीच राहत नाही. बहुतेक जण ‘सेल्फ’ आरआर काढून पैसे मिळाल्यावर बेचन करून (मागे सही करून हक्क पुढच्याच्या नावे करून) देतात. इलेक्ट्रॉनिक आरआरमुळे मूळ कागद कुरिअरने पाठवायची, तो हरवला तर स्टॅम्पवर नुकसानभरपाई बंधपत्र करायची कटकट संपली आहे. शक्य तिथे तीच घ्या.

ई-वे बिलाबाबत (जीएसटीखाली माल वाहतुकीसाठी काढायचं ऑनलाइन बिल) एक सवलत आहे. रेल्वेने माल जाताना बिलाचा भाग ब (वाहतुकीचा तपशील) गाडी सुटल्यानंतरही भरता येतो, पण पलीकडे डिलिव्हरी घेताना ई-वे बिल दाखवल्याशिवाय रेल्वे माल सोडत नाही. मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. पूर्व भारतात 2,000 किलोमीटरवर माल चालला असेल तर दहा दिवस मिळतात. गाडी वाटेत अडकली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते. ही खिडकी मध्यरात्री पडते, म्हणून एका माणसाच्या फोनवर गजर लावून ठेवा. चेष्टा नाही, हे खरंच करावं लागतं.

रेक लागण्याआधीचा दिवस

इंडेंट (रेकची मागणी) मंजूर झाल्यावर धक्क्यावर माल आगाऊ लावायची परवानगी मागता येते. ती लेखी घ्या, किती तास ते त्यावर लिहून घ्या. ती मुदत संपली की वारफेज सुरू होतं. वाघीण अडकवून ठेवली तर डेमरेज, जागा अडकवून ठेवली तर वारफेज, हा फरक लक्षात ठेवला की पुढचं बिल वाचता येतं.

आगाऊ लावायचं ते किती? सगळा माल नाही. 20 वाघिणींपैकी सुरुवातीच्या आठ-दहा वाघिणींचा माल थप्प्या मारून ठेवा. उरलेला ट्रकवरून थेट वाघिणीत. यामुळे रेक लागताच सगळ्या टोळ्या कामाला लागतात आणि ट्रकची रांग उशिरा आली तरी पहिले तीन तास वाया जात नाहीत. खाली लाकडी फळ्या किंवा ताडपत्रीचे दोन थर टाका. नुसत्या फरशीवरचं पोतं पहाटेच्या दवाने खालून ओलं होतं. वर ताडपत्री, कडा दोरीने बांधलेल्या. जून ते सप्टेंबर उघड्यावर साखर लावूच नका, कितीही चांगली ताडपत्री असली तरी.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. कोल्हापूर ते मिरज मार्ग एकेरी आहे आणि पुढच्या सगळ्या दिशा मिरजेतून फुटतात. पंचगंगेला पूर आला की रेल्वेच्या आधी रस्ताच बंद होतो. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. कारखाना शिरोळ किंवा हातकणंगले तालुक्यात आणि धक्का कोल्हापुरात असेल तर पाण्याची पातळी बघून ट्रक काढा. रेक दारात आणि ट्रक नदीपलीकडे, अशा रात्री डेमरेजचा मीटर कुणी थांबवत नाही.

माथाडी मंडळात कंपनीची नोंदणी, टोळीच्या मुकादमाशी ठरलेला दर, त्यावरची लेव्ही (मंडळाला द्यायची रक्कम), वाराई (भराई-उतराईची मजुरी) कोण देणार (ट्रकवाला की माल पाठवणारा) हे आदल्या दिवशी कागदावर आणा. भरायला सुरुवात झाल्यावर दर ठरवायला बसलात तर वेळ तुमचा जातो. मुकादमाला हे चांगलं माहीत असतं. रात्रीच्या टोळीसाठी चहा, पाणी, दिवे तुमच्याकडून. टोळीला आकडा (पोतं ओढायचा लोखंडी हूक) वापरू देऊ नका. एका आकड्याने पडलेलं भोक मिरज गाठेपर्यंत मूठभर, आणि गुवाहाटी गाठेपर्यंत किलो-दोन किलो साखर सांडतं.

वाघीण तपासणी

रेक लागली की प्लेसमेंटची (रेक भरायला धक्क्याला लावल्याची) वेळ स्वतःच्या वहीत टिपा आणि धक्क्यावरच्या नोंदीशी तिथल्या तिथे ताडून घ्या. चोवीस तास चालणाऱ्या धक्क्यावर रात्री दोनला रेक लागली तरी घड्याळ चालू होतं. डेमरेजचा मूळ दर दर वाघिणीला दर तासाला 150 रुपये, आणि तासाचा तुकडा पूर्ण तास धरला जातो. 20 वाघिणींना तासाला 3,000, 58 वाघिणींना 8,700. गर्दीच्या काळात तो पटीत वाढवता येतो. दहा मिनिटांचा वाद कधीकधी नऊ हजारांचा असतो.

मग लगेच प्रत्येक वाघीण आतून बघायची. एका माणसाला आत पाठवून दारं लावा आणि बॅटरी बंद ठेवायला सांगा. दिवसा छपरात किंवा कोपऱ्यात उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार. रात्री उलटं करा: आतून बॅटरी लावा, बाहेरचा माणूस फिरून उजेड शोधेल. ठिपका सुतळी-बारदान आणि डांबराने बुजण्याइतका असेल तर बुजवा. पत्रा फाटलेला असेल तर वाघीण भरण्यास अयोग्य असल्याचं लेखी द्या. तोंडी सांगून उपयोग नाही, ती तशीच भरली गेली की भिजलेल्या मालाची जबाबदारी तुमच्यावर येते.

दुसरी तपासणी नाकाने. कोल्हापुरात बरेचदा खत किंवा सिमेंट उतरवून रिकामी झालेलीच रेक साखरेला मिळते. युरिया ओलावा ओढतो. फळीच्या फटीत राहिलेला चमचाभर युरिया खालच्या पोत्याला पाणी सोडतो, आणि वास तर सगळ्या वाघिणीला. झाडू, मग ब्रश, मग कोरडं फडकं. पाणी मारू नका. त्यावर क्राफ्ट कागदाचे दोन थर, भिंतीवर दोन फूट वर येतील असे. वाघिणीमागे दोन माणसं आणि वीस मिनिटं या कामाला धरा. टोळ्या यायच्या आधी पहिल्या दहा वाघिणी झाडून तयार हव्यात.

वाघिणीचा नंबर

प्रत्येक वाघिणीवर 11 आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे प्रकार (30 ते 39 म्हणजे बंद वाघीण), पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार अनुक्रमांक आणि शेवटचा पडताळ्याचा आकडा. हा शेवटचा आकडा फार कामाचा आहे. नमुन्याला 31011246811 घ्या. पहिल्या दहा आकड्यांतले सम स्थानांवरचे 1, 1, 2, 6, 1 म्हणजे बेरीज 11, तिची तिप्पट 33. विषम स्थानांवरचे 3, 0, 1, 4, 8 म्हणजे 16. एकूण 49. पुढची दहाची पट 50, फरक 1. शेवटचा आकडा 1, नंबर बरोबर. चिखलाने पुसट झालेला 6 कुणी 8 वाचला तर बेरीज जमत नाही. मोबाइलच्या शीटमध्ये हे सूत्र एकदा घालून ठेवा. आरआरवर नंबर चुकला तर ती वाघीण वाटेत सुटल्यावर शोधणं म्हणजे मार्केट यार्डात हरवलेलं पोतं शोधण्यासारखं.

भरताना

दोन्ही टोकांपासून सुरुवात करून दाराकडे या. निम्मी 632 पोती एका टोकाला, निम्मी दुसऱ्या. डावं-उजवं समान. एका बाजूला दोन थर जास्त झाले तर वळणावर वाघीण कलते, आणि वाघीण घसरली तर चौकशीत पहिला प्रश्न भरण्याबद्दलच निघतो. थर आडवा-उभा बदलत लावा, शिवणीचं तोंड आतल्या बाजूला. दारासमोरची थप्पी बाकीच्यांपेक्षा दोन थर खाली ठेवा आणि दाराला रेलू देऊ नका. रेललेली पोती प्रवासात दार बाहेर ढकलतात, पलीकडे दार उघडताच हमालाच्या अंगावर येतात, आणि दार नीट लागलं नाही म्हणून इथेच तासभर जातो.

मोजणीला प्रत्येक वाघिणीजवळ एक माणूस, हातात खडू आणि वही. ट्रक रिकामा झाला की वाघिणीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक रेघ. चार रेघा झाल्या की बंद. ट्रकवाल्याची पावती, वही आणि रेघ तिन्ही जुळल्याशिवाय दार लावायचं नाही. मोजणी नीट हवी याचं कायदेशीर कारणही आहे: रेल्वेच्या माणसाने वजन किंवा नग तपासले नसतील, तर आरआरवरच्या आकड्याचा पुरावा माल पाठवणाऱ्यानेच द्यायचा असतो. ‘पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार’ असा शेरा असलेली आरआर घेऊन पलीकडे चाळीस पोती कमी आली तर तुमच्याकडे ती वही आणि सीलचा नंबर यापलीकडे काही नसतं.

दाराच्या फटीला बारदानाची पट्टी, दोन्ही बाजूंना सील, प्रत्येक सीलचा नंबर वाघिणीच्या नंबरसमोर, आणि दोन्ही एका फोटोत येतील असा फोटो. शेवटचं दार लागलं की रेक मोकळी केल्याचं लेखी द्या आणि त्याची वेळ टिपा. तोंडी ‘झालं’ म्हटलं आणि कागद अर्ध्या तासाने गेला तर मोजला जातो तो कागद.

पाऊस, संप, इंजिनाचा उशीर यांमुळे डेमरेज लागलं असेल तर माफीचा अर्ज करता येतो. मुदत लहान असते, म्हणून त्याच दिवशी करा. हवामानाचा अंदाज, धक्क्यावरच्या नोंदीची प्रत आणि तुमची तासावारी वही जोडा.

पलीकडे

माल घेणाऱ्याला गाडी सुटली त्याच दिवशी आरआर, वाघीण-सील यादी आणि ई-वे बिलं पाठवा. तिकडेही मोफत वेळ असतो आणि तिकडचं डेमरेज कुणाचं हे करारात लिहिलेलं असावं, नाहीतर महिनाअखेरीला ते तुमच्याच बिलातून वजा झालेलं दिसतं.

सील तुटलेलं, पोती भिजलेली किंवा कमी दिसली तर माल उचलण्याआधी खुली डिलिव्हरी (रेल्वेच्या माणसासमोर माल उघडून, तपासून घेणं) मागायला सांगा. कलम 81 खाली ती मागता येते. माल उचलून गोदामात नेल्यावर केलेल्या तक्रारीला फारसं वजन राहत नाही. तुटलेल्या सीलचे तुकडे जपून ठेवायचे, भिजलेल्या थप्पीचा फोटो वाघिणीचा नंबर दिसेल असा. दाव्याची लेखी नोटीस कलम 106 प्रमाणे माल रेल्वेकडे सोपवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायला हवी. मुदत मोजायची ती कोल्हापुरात आरआर निघाली त्या दिवसापासून. पलीकडे माल पोचल्याची तारीख यात धरायची नाही.